कोचीचा शेजार

कोची बघायला दोन दिवस पुरतात, पण बरोबर कोणी नसावं. चिनी जाळ्यापुढे तासभर बसायचं म्हटलं तर सोबतचा माणूस दहाव्या मिनिटाला घड्याळ बघतो, आणि त्यात त्याची चूक नसते. लांबून पाहिलं तर तिथे फारसं काही घडत नाही. मी शनिवारी सकाळी एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सरकारी बोट पकडली, फोर्ट कोचीला एकटीच उतरले आणि सरळ जाळ्यांपाशी जाऊन बसले.

सूर्यास्ताच्या फोटोंमुळे ही जाळी म्हणजे आभाळावर काढलेली काळी नक्षी, एवढंच आपल्या मनात बसलेलं असतं. जवळ गेल्यावर दिसतो तो एक अवाढव्य तराजू. किनाऱ्यावर फळ्यांचं मचाण, त्यावर तोललेला वाशांचा सांगाडा. पाण्याकडच्या टोकाला चार वाकवलेल्या काठ्यांत ताणलेलं जाळं, जमिनीकडच्या टोकाला दोरांना बांधलेले मोठाले धोंडे. हे धोंडे एका पातळीवर नसतात. एक दोर आखूड, दुसरा लांब, तिसरा आणखी लांब. असं का, हे मला जाळं तिसऱ्यांदा वर आलं तेव्हा कळलं.

जाळं पाण्यात असतं तेव्हा सगळे धोंडे हवेत लोंबकळत असतात. मग पाच-सहा जण दोराला झोंबतात. जाळं जसजसं वर येतं तसतसं त्याचं ओझं सांगाड्याला कमी जाणवू लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी सर्वांत खालचा धोंडा मचाणावर टेकतो. मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. पारड्यातलं एकेक वजन कोणी हळूच काढून घ्यावं तसं. तोल शेवटपर्यंत ढळत नाही. पुन्हा जाळं बुडवायचं झालं की एक जण मुख्य वाशावरून पाण्याच्या दिशेने चार पावलं चालत जातो. बास. त्या एका माणसाच्या वजनाने तो एवढा डोलारा वाकतो आणि जाळं अलगद पाण्यात जातं. वाशावरून अनवाणी चालणारा तो माणूस खाली बघतसुद्धा नव्हता.

मी पाहिलेल्या एका खेपेत मूठभर कोळंबी, बोटाएवढे दोन-चार मासे आणि पुष्कळशी जलपर्णी आली. सागाच्या वाशांच्या जागी बऱ्याच जाळ्यांना आता लोखंडी पाइप लागलेत. डोळ्यांना ते खुपतात, पण तोलाचं गणित तेच आहे, आणि माझ्या मते जपायचं ते गणित.

मल्याळममध्ये या जाळ्याला ‘चीनवल’ म्हणतात. वल म्हणजे जाळं. नाव चीनचं, पण त्याच्या काही भागांची नावं पोर्तुगीज वळणाची, म्हणून ही जाळी पोर्तुगीजांनी मकावहून आणली असावीत असंही काही अभ्यासक मानतात. कुठूनही आलेली असोत, ती मल्याळी माणसाच्या हातात रुळली. कोचीची किल्ली मला इथेच सापडली. या गावात लांबून आलेली वस्तू काचेच्या कपाटात जात नाही. तिला कामाला लावतात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी जागा करून देतात.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये मी फार रेंगाळले नाही. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला, त्याला तिथे पुरलं आणि पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या थडग्याभोवती गर्दी असते. मला भिंतींना उभे लावलेले पोर्तुगीज आणि डच थडग्यांचे दगड अधिक आवडले. हयातीत एकमेकांवर तोफा डागणारी ही माणसं इथे एका छपराखाली आहेत.

खरं कोची मट्टनचेरीत आहे. तिथल्या राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी पुढे डागडुजी केली आणि नाव त्यांचं राहिलं. वास्तू मात्र केरळी नालुकेट्टू, चौकात पळयन्नूर भगवतीचं देऊळ. राजाच्या शेजघराच्या भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून अख्खं रामायण रंगवलं आहे, तांबड्या-पिवळ्या मातीच्या रंगांत, कुठे बोटभर जागा मोकळी न सोडता. याच राजवाड्याला लागून राजाने ज्यूंना जागा दिली आणि १५६८ मध्ये तिथे परदेशी सिनेगॉग उभं राहिलं. राजवाड्यालगतच्या देवळाची आणि सिनेगॉगची भिंत एकच आहे. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी सिनेगॉग उद्ध्वस्त केलं, डचांच्या काळात पुन्हा उभं राहिलं. राजांनी मात्र दिलेला शेजार कधी मोडला नाही.

शनिवारी सिनेगॉग बंद असतं, शब्बाथ असतो. त्यामुळे दुपार मोकळी मिळाली आणि मी चेरळाईच्या तिरुमल देवळाच्या बाजूला भटकले. तिथे कानावर कोकणी आली. पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेल्या गौड सारस्वतांचे हे वंशज. मल्याळी हेल लागलेली ती भाषा ऐकताना माझे पाय आपोआप थबकले. हीच कोकणी एका जुन्या ग्रंथातही आहे. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ काढला (१६७८–१६९३), त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचा हात होता. या तिघांचं १६७५ चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलं आहे, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. ॲमस्टरडॅमला छापलेल्या लॅटिन ग्रंथात आपल्या ओळखीची अक्षरं! रात्री जेवताना माशाच्या कालवणातली कुडंपुळी जिभेला लागली आणि कोकमाची ही सख्खी चुलतबहीण लगेच ओळखू आली.

रविवारी सकाळी दार उघडायच्या आधीच मी सिनेगॉगपाशी होते. आधी मनोरा पाहा. १७६० च्या या मनोऱ्यावरच्या तबकड्यांवर हिब्रू, रोमन आणि मल्याळी आकडे आहेत. राजवाड्याकडे तोंड केलेले आकडे मल्याळी. शेजाऱ्याला त्याच्या भाषेत वेळ सांगायची, ही मला कोचीतली सर्वांत सुंदर रीत वाटते.

मग चपला काढून आत. पायांखाली कँटनहून आलेल्या पांढऱ्या-निळ्या फरशा, हजाराहून अधिक. डचांशी व्यापार करणाऱ्या एझेकिएल राहबीने अठराव्या शतकात त्या बसवून घेतल्या. सगळ्या सारख्याच वाटतात, म्हणून मी एका कोपऱ्यात वाकून बसले. एकीवर निळा ब्रश दाबून फिरलाय, शेजारचीवर रंग संपत आलाय. फरशा हाताने रंगवलेल्या आहेत. दोन एकसारख्या मिळत नाहीत असं म्हणतात, मला तरी मिळाल्या नाहीत. वर बेल्जियमची झुंबरं आहेत, मधोमध पितळी कठड्याचं व्यासपीठ, आणि बहुतेकांच्या माना वरच असतात. तुम्ही खाली बघा.

राहबी हे नाव आपल्याला परकं नाही. दावीद राहबीने कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना, आपल्या शनिवार तेल्यांना, विसरलेला धर्म पुन्हा शिकवला, असं त्यांची परंपरा सांगते. अलिबागच्या सिनेगॉगपासून इथपर्यंत एक धागा येतो तो असा.

प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोचीत ते आता जमत नाहीत. बाहेरून ज्यू पाहुणे आले तरच जमतात. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. त्यांना कोणी हुसकावलं नाही, ती आपल्या ओढीने गेली. तरी शेजारचं घर बंद झालं की चुटपुट लागतेच. सिनेगॉगच्या गल्लीत दारांवर जुनी आडनावं आहेत, आत पुराणवस्तूंची आणि शालींची दुकानं.

तुम्ही शनिवारी पोचलात तर पहिली सकाळ जाळ्यांना द्या, दुपार राजवाड्याला आणि चेरळाईला, आणि सिनेगॉग रविवारसाठी ठेवा. राजवाडा शुक्रवारी बंद असतो.