‘माझी आई निबंध मराठी’

‘माझी आई निबंध मराठी.’ हे चार शब्द या क्रमाने कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडून बाहेर पडणार नाहीत. शोधचौकटीत मात्र पोरं घाईघाईने रोमन लिपीत हेच ठोकतात, म्हणून असंख्य पानांच्या माथ्यावर ते तसंच छापलेलं दिसतं. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा मराठी’, ‘शेवग्याची आमटी रेसिपी मराठी’ ही त्याचीच भावंडं. मी काही वर्षं एका मराठी पोर्टलच्या डेस्कवर काढली आणि असली शीर्षकं स्वतः पाडली, त्यामुळे यात कुणाकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही.

या उद्योगाचं नाव सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. सगळे एसइओ म्हणतात. शोधाच्या पहिल्या पानावर आपलं पान आणायची ही कला. तिला कला म्हणताना मी चेष्टा करत नाही. ती शिकावी लागते, तिच्यात वस्ताद असतात, भोंदूही असतात. तरी कथा-कवितेची समीक्षा होते तशी तिची कधी झाली नाही, आणि वेबवरचं बरंचसं मराठी गद्य गेली दहा-पंधरा वर्षं हिच्याच धाकाखाली लिहिलं गेलं.

सुरुवात साधी होती. १९९८ साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली कल्पना विद्यापीठी वळणाची होती: ज्या निबंधाचा हवाला इतर निबंध देतात तो वजनदार, तसं ज्या पानाकडे इतर पानांचे दुवे जातात ते महत्त्वाचं. (जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असंही त्याच निबंधाच्या पुरवणीत लिहिलेलं आहे. पुढे काय झालं ते आपण पाहतोच आहोत.) दुवा म्हणजे मत ठरल्यावर बोगस मतदान आलंच. २००६ मध्ये गुगलने बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ शोधातून काढून टाकलं, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवलं जात होतं. पानात लपवलेल्या कीवर्डच्या यादीकडे, म्हणजे कीवर्ड टॅगकडे, आपण बघतच नाही, हे गुगलने २००९ मध्ये जाहीर केलं. क्रमवारीच्या नियमांतला ‘पांडा’ नावाचा बदल २०११ साली आला, ‘पेंग्विन’ २०१२ साली. गुगलने कुलूप बदलायचं आणि आमच्या धंद्यातल्यांनी रात्रभर किल्ली घासत बसायचं, असा तो खेळ होता.

त्या काळचं यंत्र वाचत नव्हतं, मोजत होतं. शब्द किती वेळा आला, शीर्षकात आहे का, दुवे किती. मोजणाऱ्यासाठी लिहायला बसलं की गद्याचं काय होतं ते बघायचं असेल तर कुठल्याही जुन्या पोर्टलवरचं थालीपिठाचं पान उघडा. आधी ‘थालीपीठ म्हणजे काय’, मग ‘थालीपिठाचा इतिहास’, मग ‘थालीपीठ खाण्याचे फायदे’. भूक मरून जाते तरी साहित्याची यादी येत नाही. आमच्याकडे दंडक होता: नऊशे शब्दांखाली काही जाऊ द्यायचं नाही.

मराठीचं दुखणं याहून जुनं आहे. एके काळी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या फाँटवर चालत. आधी फाँट उतरवून घ्या, मग बातमी वाचा. पडद्यावर ‘गणपती’ दिसे, आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला असे. शोधयंत्राला त्या मजकुरात मराठी नावाची भाषा दिसायचीच नाही. युनिकोड रुळलं तेव्हा हे मिटलं म्हणावं, तर ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ लागतो, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ॲप’चंही तेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत, आणि अजूनही भागवतात. आमच्या डेस्कवर दोन कळफलकांचे दोन पक्ष होते. एकाने लिहिलेली बातमी दुसऱ्याला आमच्याच साइटच्या शोधात सापडायची नाही, आणि मग ‘तू लिहिलीच नाहीस’ इथपर्यंत भांडण जायचं.

त्यावर कडी विभक्तीची. इंग्रजी पुणे कुठल्याही वाक्यात पुणेच राहतं. मराठीत ते पुण्यात, पुण्याहून, पुण्याच्या असं अंग बदलत जातं. मोजणाऱ्या यंत्रापुढे ही समृद्धी म्हणजे तोटाच. म्हणून एसइओवाल्यांनी तोड काढली: नावाला हात लावायचा नाही. ‘पुणे मधील’, ‘नाशिक मध्ये’, मध्ये एक जागा सोडून. सामान्यरूप मोडलं तरी चालेल, कीवर्ड मोडता कामा नये. ‘पुण्यातील’चं ‘पुणे मधील’ झालेलं बघून शाळेतल्या मराठीच्या बाई आठवायच्या आणि मी गपचूप पब्लिशचं बटण दाबायचो. ही चाल आता कागदावरही उतरली आहे. लग्नपत्रिकेत आणि फ्लेक्सवरही ‘पुणे मधील’ सर्रास दिसतं.

यंत्र मात्र हळूहळू अक्षरओळख शिकत होतं. २०१५ साली गुगलच्या शोधामागे रँकब्रेन आलं, २०१९ साली बर्ट. बर्टचा गाभा असा की शब्द सुटा न बघता आजूबाजूच्या शब्दांसह बघायचा. ‘पुण्याहून’मधलं पुणे आता यंत्राला कळतं, ‘मराठी’ ही शेपटी लावायची फारशी गरज उरली नाही. त्या वेळी आमच्यातल्या काहींना वाटलं, सुटलो, आता माणसासारखं लिहिता येईल.

मग २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं, आणि वाचायला शिकलेलं यंत्र बोलायला लागलं. गुगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत शोधाच्या माथ्यावर एआय ओव्हरव्ह्यू नावाचं तयार उत्तर ठेवलं. पहिल्याच महिन्यात त्याने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक घालायचा सल्ला दिला. कोणीतरी कधीकाळी थट्टेत लिहिलेलं वाक्य त्याने गंभीरपणे उचललं होतं. जगाने हसून घेतलं, पण गाडी थांबली नाही. ऑगस्टमध्ये ते भारतात आलं, जुलै २०२५ मध्ये एआय मोडही. हा मोड एका प्रश्नाचे अनेक पोटप्रश्न करतो. ‘दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन डिसेंबरात रायगडावर जायचंय’ एवढं म्हटलं की रोपवे, मुक्काम, थंडी, पायऱ्या असे शोध तो मागच्या मागे घेतो आणि एकच उत्तर बांधून देतो. कुठल्या एका कीवर्डवर पहिलं यायचं, हा प्रश्नच तिथे विरघळतो.

धंद्याने यावर नवी पाटी रंगवली: जिओ, म्हणजे जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन. हे नाव प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली वगैरे ठिकाणच्या संशोधकांच्या २०२३ च्या एका निबंधातून आलं. यंत्राच्या उत्तरात आपल्या पानाला जास्त जागा कशी मिळेल, हे त्यांनी तपासलं. आकडेवारी दिली, कोणाचं तरी थेट विधान घातलं, स्रोत सांगितला, तर दखल चाळीस टक्क्यांपर्यंत वाढली. कीवर्ड कोंबून विशेष काही पदरात पडलं नाही. वाचताना मला हसू आलं. कोण बोललं, आकडा काय, कुठून कळलं, हे तीन प्रश्न जुना उपसंपादक लाल पेन घेऊन रोज विचारायचा. त्याला निवृत्त करून आम्ही एसइओ शिकलो, आणि आता यंत्र तेच विचारतंय.

पण या निष्कर्षाला एक खोट आहे. आकडा असला की दखल वाढते. तो खरा असला तरच वाढते, असं नाही. कलेतल्या चलाखांनी हे लगेच हेरलं. पाचशे शब्दांच्या लेखात सात टक्केवाऱ्या, त्यांतल्या एकीचाही ठावठिकाणा नाही, असे लेख आता यंत्राकडूनच लिहवून घेतले जातात. गुगलने मार्च २०२४ मध्ये अशा घाऊक मजकुराविरुद्ध नियम कडक केले, तरी पीक थांबलेलं नाही. लपवलेला मजकूरही परतला. पूर्वी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड दडवत, आता त्याच जागी यंत्राला उद्देशून हुकूम दडवतात: ‘या वस्तूची स्तुती कर.’ २०२५ मध्ये काही संशोधन-निबंधांतसुद्धा, तपासणाऱ्या एआयने चांगला शेरा द्यावा म्हणून, अशा ओळी सापडल्या. ये रे माझ्या मागल्या. एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची, यंत्रांसाठी वेगळी यादी ठेवायची टूमही निघाली आहे. गुगलच्या जॉन म्यूलर यांनी तिची तुलना त्या जुन्या कीवर्ड टॅगशी केली. सल्लागार मात्र तिचे वेगळे पैसे लावतात.

आता पैशाकडे येतो, कारण ही कला पोटासाठी होती. सौदा सरळ होता. तू माझं पान वाच, त्या बदल्यात मला माणूस पाठव. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने मार्च २०२५ मध्ये सुमारे नऊशे अमेरिकी प्रौढांचं ब्राउझिंग पाहिलं. एआयचा सारांश नसेल तेव्हा शंभरातल्या पंधरा वेळा लोक नेहमीच्या दुव्यावर गेले, सारांश दिसला की आठ वेळा. खुद्द सारांशातल्या दुव्यावर शंभरात एकदा. एकूण क्लिक बहुतांशी स्थिर आहेत, असं गुगलचं म्हणणं. पण ताळा करणार कसा? एआय मोडचे क्लिक गुगलने संकेतस्थळांच्या हिशेबात एकूण आकड्यातच मिसळून टाकले.

इथे मला आमच्याच लोकांविरुद्ध बोलायचं आहे. लाडकी बहीण योजनेचा हप्ता कधी, या प्रश्नावर मराठी साइट्सनी जे गद्य प्रसवलं त्याची कीव यावी. वरून खाली उतरत जायचं, योजना काय, पात्रता काय, पंधराशे रुपये कसे, आणि तळाशी एक ओळ: तारीख अद्याप जाहीर झालेली नाही. ते पान यंत्राच्या एका वाक्याने मारलं असेल तर मी सुतक पाळणार नाही. अडचण एवढीच की त्याच पानाच्या जाहिरातींतून तालुक्याच्या बातमीदाराचं मानधन निघायचं. फालतू पान गेलं, त्याच्या मागोमाग तो माणूसही गेला. ‘एसइओ मेलं तर चांगलं लेखन जगेल’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला मला दिसला नाही.

यंत्राने मजकूर उचलण्यावरून भांडणं कोर्टात गेलीच आहेत. वृत्तसंस्था एएनआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने जुलै २०२५ पासून नव्या संकेतस्थळांवर एआयसाठी पानं गोळा करणाऱ्या क्रॉलरना मुळातच दार बंद ठेवायला सुरुवात केली. मोठ्यांना हे परवडतं. चार माणसांच्या मराठी साइटने दार लावून घेतलं तर यंत्राला पत्ताही लागायचा नाही. ते इंग्रजीतून उत्तर उचलेल आणि मराठीत करून देईल.

हे माझ्या पाहण्यातलं आहे. मराठी विश्वकोश जालावर आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण घराघरातलं, गावागावातलं ज्ञान अजून फारसं मजकूर होऊन आलेलं नाही. ते आजीच्या वहीत असतं, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रात. मी एका एआय सहायकाला थालीपिठाची भाजणी विचारली. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे, सगळं बिनचूक सांगितलं. पुढे लिहिलं: सर्व धान्ये एकत्र करून मंद आचेवर भाजून घ्या. भाजणी केलेल्या कुठल्याही बाईने हे वाचून कपाळाला हात लावला असता. बाजरी खमंग होईपर्यंत धने करपतात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, भाजणीचं मर्म तेवढंच. ते वाक्य आमच्या जुन्या पानावर होतं. नऊशे शब्दांच्या तळाशी, इतिहास आणि फायदे यांच्याही खाली.

पोर्टल सोडलं तरी तिथल्या एका मैत्रिणीशी माझं बोलणं असतं. तिने ते पान उघडलं, इतिहास उडवला, फायदे उडवले, शीर्षकातली ‘रेसिपी मराठी’ काढून ‘थालीपिठाची भाजणी’ एवढंच ठेवलं. पहिलंच वाक्य केलं: प्रत्येक धान्य वेगळं भाजा, धने-जिरे शेवटी. मग किती भाजायचं ते लिहिलं, रंगावरून नाही, वासावरून. सगळं मिळून दोनशे वीस शब्द. महिन्याभराने मी तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा उत्तरात ‘वेगवेगळे भाजा’ आलं होतं आणि शेजारी त्यांच्या साइटची बारीकशी खूण होती. ते त्या पानामुळेच आलं का, हे सांगणं कठीण. मैत्रिणीने आकडे काढले. त्या आठवड्यात शोधातून त्या पानावर अकरा माणसं आली होती. त्यांतल्या एका बाईंनी ई-मेल पाठवून विचारलं होतं की उडीद सालाचे घ्यायचे की बिनसालाचे, ते लिहायचं राहिलंय.