‘संभाव्य कर्करोगविरोधी’ धातुसंकुले : एका विशेषणाची चिकित्सा

प्रस्तुत लेखात धातुसंकुलांना सर्रास जोडल्या जाणाऱ्या ‘संभाव्य कर्करोगविरोधी’ या विशेषणाचा विचार केला आहे. तांबे, कोबाल्ट वा निकेल यांची शिफ बेस संकुले तयार करावीत, वर्णपटांनी त्यांची रचना ठरवावी आणि नमुने टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेकडे पेशीचाचणीसाठी पाठवावेत, अशी वाट महाराष्ट्रातील महाविद्यालयीन संशोधनात रुळली आहे. सुप्यासारख्या ठिकाणाहून काम करणाऱ्यास ही चाचणी मोठाच आधार होय. आक्षेप आहे तो तिच्या निष्कर्षांच्या वाचनावर.

या चाचणीत सामान्यतः मिलिलिटरला १० ते ८० मायक्रोग्रॅम अशा मात्रा वापरल्या जातात. पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा १० किंवा त्याहून कमी असल्यास शुद्ध संयुग क्रियाशील मानतात. तक्त्यात मग ‘१० पेक्षा कमी’ अशी नोंद येते. तीन संकुलांपुढे हीच नोंद असताना ‘तांब्याचे संकुल सर्वाधिक प्रभावी’ हा निष्कर्ष कशाच्या आधारे? शिवाय ५०० रेणुभाराच्या संकुलाची ही मात्रा २० मायक्रोमोलर भरते, तर ३०० रेणुभाराच्या सिस्प्लॅटिनची ३३. वजनावर केलेल्या तुलनेत हा फरक बुडून जातो.

त्याहून गंभीर प्रश्न द्रावकाचा. पाण्यात न विरघळणारी संकुले डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवतात. हा द्रावक स्वतःच धातूशी बंध जोडू शकतो. सिस्प्लॅटिनमधील क्लोराइडला बाजूला सारून तो त्या औषधाची परिणामकारकता घटवतो, हे सिद्ध झालेले आहे. मग पेशींपर्यंत पोचले ते आपण तयार केलेलेच संकुल होते काय? द्रावणाचा वर्णपट काही तासांनी पुन्हा घेणे आपल्याच प्रयोगशाळेत शक्य आहे. (पदवीची मुदत आणि त्यामुळे होणारी घाई समजू शकते, पण हे एका दुपारचे काम आहे.) मोकळा लिगँड व धातूचा साधा क्षार यांची स्वतंत्र चाचणी नसेल, तर परिणाम संकुलाचा की नुसत्या तांब्याचा, हेही कळत नाही.

प्रस्तावनेत सिस्प्लॅटिन हमखास असते. १९६५ साली रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबलेले आढळले आणि १९७८ साली अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली, एवढे सांगून लेखक पुढे सरकतो. त्या औषधाने मूत्रपिंडास होणारी इजा, किंवा मानवी चाचण्यांपर्यंत पोचूनही औषध न ठरलेले रुथेनियमचे नामी-ए, यांचा उल्लेख टळतो.

उपलब्ध पुराव्यावर ‘एमसीएफ-७ पेशीवंशास विषारी’ असे निःशंकपणे लिहिता येते. शीर्षकात ‘औषध’ शब्द येण्यापूर्वी त्याच तक्त्यात निरोगी पेशींचा रकाना असावा, एवढी अपेक्षा मार्गदर्शक व परीक्षक दोघांकडूनही आहे.