दार उघडण्याआधीचा हुकूम

फेअरफॅक्स नावाच्या माणसाच्या घरातलं एक दार बंद आहे. त्यावर नजर रोखली की पडद्यावर त्या जागेला साजेसा हुकूम आपोआप उमटतो: दाराशी लागा, कुलूप तपासा. स्पेसबार दाबायचा. चार सहकारी भिंतीला लागून उभे राहतात, त्यातला एक जण मूठ फिरवून पाहतो आणि दाराला कुलूप आहे की नाही ते सांगतो. अजून काहीच उघडलेलं नाही. ‘स्वॅट ४’ या पोलीस पथकाच्या संगणकीय खेळाचा रस मला सर्वांत जास्त या थांबण्यात मिळतो.

इर्रॅशनल गेम्सचा हा खेळ २००५ साली आला. त्याचं मूळ सिएराच्या ‘पोलीस क्वेस्ट’ मालिकेत आहे आणि त्या मालिकेच्या एका टप्प्यावर लॉस एंजेलिसचे माजी पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांचं नाव जोडलेलं होतं. वंशावळ इतकीच पुरे. महत्त्वाचं हे, की खेळाडू इथं एकटा वीर नसतो, तो पथकप्रमुख असतो. दोघांची लाल जोडी, दोघांची निळी जोडी, आणि चौघांना मिळून एकच हाक द्यायची तर ‘गोल्ड’.

हुकमाची घडण पाहण्यासारखी आहे. कोणी, हे रंगानं ठरतं. कुठं, हे नजरेनं ठरतं, कारण आपण ज्या दाराकडे पाहतो तेच दार हुकमात येतं. उरतं ते काय करायचं, एवढंच. ‘ओपन, बँग अँड क्लिअर’ म्हटलं की दार उघडायचं, डोळे दिपवणारा बाँब आत टाकायचा आणि खोली ताब्यात घ्यायची. बाँबऐवजी अश्रुधूर चालतो. दाराखालून आरसा सरकवून आधी आत पाहता येतं, दारात पाचर मारून ते बंद ठेवता येतं, कुलूप असेल तर स्फोटानं उडवता येतं. निवड कशाची करायची, हे आत कोण असेल या अंदाजावर ठरतं. बाँबनं ओलीसही दिपतात, फेअरफॅक्सची म्हातारी आईही दिपते. तीन-चार शब्दांच्या हुकमात एवढी जबाबदारी असते, आणि बाँब एकदा सुटला की परत घेता येत नाही.

कौशल्याची खरी परीक्षा दोन दारांच्या खोलीत होते. निळ्या जोडीला मागच्या दाराशी पाठवायचं, लाल जोडीला आपल्यासोबत ठेवायचं. पडद्याच्या कोपऱ्यात सहकाऱ्याच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याची चौकट उघडते. आपण पुढच्या दाराशी उभे असतानाच त्या चौकटीतून निळ्या जोडीला हुकूम देता येतो. दोन्ही दारं एका क्षणी उघडली की आतला माणूस कुठल्या बाजूला वळावं या पेचात सापडतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात हत्यार खाली येतं. २००६ च्या ‘स्टेचकॉव्ह सिंडिकेट’ या पुरवणीनं हुकूम आधी देऊन राखून ठेवण्याची आणि इशाऱ्यावर सोडण्याची सोय केली. पुरवणीतली ही एक भर मला मूळ खेळाच्या तोडीची वाटते.

दुसरी आज्ञा समोरच्या माणसासाठी असते: पोलीस, हत्यार टाक. तिच्यासाठी वेगळी कळ दिलेली आहे. ओरडण्याआधी गोळी सुटली आणि समोरच्यानं हत्यार रोखलेलं नव्हतं, तर गुण कापले जातात. मारण्यापेक्षा अटकेला जास्त गुण. ओलिसांनाही बेड्या घालायच्या, प्रत्येकाची खबर वर कळवायची, खाली पडलेली हत्यारं उचलायची. सर्वांत कठीण पातळीवर १०० पैकी ९५ गुण लागतात; तिथं बेकायदा गोळीला जवळपास जागाच उरत नाही. शिवाय प्रत्येक वेळी माणसं वेगळ्या खोल्यांत असतात, त्यामुळे पाठांतर कामाचं नाही.

शस्त्र खाली ठेवण्यावरून आठवलं, पवनार आमच्या वर्धा जिल्ह्यातलं. पवनारच्या विनोबा भाव्यांपुढे मे १९६० मध्ये चंबळच्या डाकूंनी शस्त्रं ठेवली. विनोबा चंबळमध्ये निःशस्त्र गेले होते. हा खेळ रोखलेल्या बंदुकांच्या आडून बोलतो, आणि हा फरक मी पुसू देणार नाही. पण समोरच्याला शस्त्र खाली ठेवायला लावणं हे गोळी घालण्यापेक्षा अवघड आणि मोठं काम आहे, असं मानणारे बंदुकीचे खेळ फार थोडे. म्हणून हा खेळताना मला पवनार आठवतं.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर बसून ताज हॉटेल आणि नरीमन हाऊसकडे पाहत होतो. कमांडोंना इतका वेळ का लागतोय, असं घराघरांत विचारलं जात होतं. बंद दारांची एक लांब ओळ, प्रत्येकामागे ओलीस असेल की बंदूकधारी हे ठाऊक नाही, आणि प्रत्येक दाराशी तोच निर्णय नव्यानं घ्यायचा. त्या उशिराचं कारण मला या खेळानं थोडं तरी समजावलं. खेळ तो खेळच. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्यासारख्यांनी प्राण दिले, त्याची बरोबरी कुठल्याच पडद्याला येणार नाही.

दोषही आहेत. सहकारी दाराच्या चौकटीत एकमेकांना अडवतात. अरुंद बोळात तर पथक स्वतःच्याच पायात येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण रूपात आलेल्या ‘रेडी ऑर नॉट’ या त्याच धाटणीच्या खेळानं तेच लाल, निळे, सोनेरी रंग ठेवले, चित्र कितीतरी अधिक जिवंत केलं, वातावरण गडद केलं. तरी हुकमाची स्वच्छता मला जुन्यातच जास्त दिसते.

२०१७ पासून ‘स्वॅट ४’ गॉग या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर पुरवणीसकट मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. नव्यानं खेळणाऱ्यानं फेअरफॅक्सच्या घरात सराव करावा, लाल-निळ्यांना वेगवेगळे हुकूम द्यावेत आणि स्वतःची बंदूक शक्य तितकी गप्प ठेवावी.