सुखाचा अपूर्णांक आणि 'समाधानी' हे विशेषण

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ आपल्याकडे बहुधा गीतेवरील भाष्य म्हणून किंवा राजकीय चरित्राचे एक साधन म्हणून वाचला जातो. त्यातील 'सुखदुःखविवेक' हे पाचवे प्रकरण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे वाचावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. माणूस कशाने सुखी होतो, ह्या प्रश्नाची इतकी चिकाटीने केलेली छाननी त्यापूर्वीच्या मराठी गद्यात क्वचितच आढळेल. परंतु त्या छाननीत एक जागा रिकामी राहिली आहे आणि आपल्या आत्मचरित्र-समीक्षेतील एक जुनी सवय नेमकी त्याच जागेत वाढलेली आहे.

प्रकरणाचा रोख थोडक्यात असा. सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव, हे संन्यासपक्षाचे मत टिळकांस मान्य नाही. आधी इच्छा नसतानाही एखादी इष्ट गोष्ट अवचित प्राप्त झाली तर सुख होतेच. म्हणून सुख आणि दुःख ह्या दोन स्वतंत्र वेदना मानाव्या लागतात. मग संसारात अधिक काय, हा प्रश्न निघतो आणि तेथे ते शोपेनहौएर ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याचा दाखला घेतात. सुखोपभोग हा अंश आणि सुखेच्छा हा छेद असा अपूर्णांक मांडला, तर छेद अंशापेक्षा नेहमी अधिक वेगाने वाढतो. आरंभी एकद्वितीयांश असलेला अपूर्णांक पुढे तीनदशांश होतो, म्हणजे अंश तिप्पट झाला तरी छेद पाचपट होऊन बसतो. प्राचीन काळापेक्षा आपण सुखी आहो असे म्हणणारे लोक केवळ अंश पाहतात, हा टिळकांचा टोला आजही बोचतो. उष्णतामापकासारखे सुखमापक यंत्र नाही, तेव्हा हे गणित कोणास रुचणार नाही, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आहे. गणिताचा व्यासंग असलेल्या माणसाच्या लेखणीतून ही शंका यावी, ह्याचे थोडे कौतुक वाटते.

तसे यंत्र पुढे निघाले. निदान निघाल्याचे सांगितले गेले. हॅडली कँट्रिल ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात एक शिडी मांडली. सर्वांत वरची दहावी पायरी म्हणजे तुमच्या कल्पनेतील उत्तमोत्तम आयुष्य, सर्वांत खालची शून्याची पायरी म्हणजे वाईटांत वाईट; तुम्ही आज कोठे उभे आहात, हे सांगा. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक सुखविषयक अहवालातील देशांची क्रमवारी ह्याच प्रश्नाच्या उत्तरांवर रचलेली असते आणि २०१८ पासून २०२५ पर्यंत तीत फिनलंड सतत प्रथम राहिला. शिडीच्या रचनेकडे नीट पाहिले तर ती टिळकांचा अपूर्णांकच आहे, हे ध्यानात येते. दहावी पायरी हा छेद, पायाखालची पायरी हा अंश. भेद इतकाच की येथे छेद कोणी मोजत नाही. तो उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या मनातून आणावयाचा असतो.

छेदाच्या वाढीला अनुकूल पुरावाही मिळतो. १९७८ साली ब्रिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम मिळालेल्या २२ जणांची तुलना तितक्याच सामान्य माणसांशी केली. पाचपैकी सरासरी गुण विजेत्यांचे ४.०० व इतरांचे ३.८२ आले, हे अंतर नगण्य ठरले आणि रोजच्या लहानसहान गोष्टींतला आनंद तर विजेत्यांना कमीच वाटत होता. ह्याच अभ्यासात अपघाताने पंगू झालेले २९ जण होते, त्यांची सरासरी २.९६ होती. माणूस कशालाही सरावतो, असे सांगताना हा तिसरा आकडा पुष्कळदा गाळला जातो. दुःख तितक्या सहजी अंगवळणी पडत नाही. शिवाय एवढ्या लहान नमुन्यावर मोठा सिद्धान्त उभारू नये, हे सांगावयास नकोच.

असो. मूळ अडचण निराळी आहे. टिळकांच्या मांडणीत छेद वाढतो. तो दुसऱ्या कोणी कापून लहान केला तर काय, हा प्रश्न त्या गणितात उपस्थितच होत नाही. अपूर्णांक पूर्ण होण्याचा एक मार्ग अंश वाढविण्याचा आहे, तसा छेद खुडण्याचाही आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळील सिंगूर येथे विधुरांची व विधवांची पाहणी झाली होती. अमर्त्य सेन ह्यांनी ती पुढे आपल्या लेखनात आणली. आपली प्रकृती बिघडलेली किंवा बेताची आहे, असे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या अवघ्या २.५ टक्के होत्या. त्या काळच्या विधवेच्या ताटात काय पडत होते, हे ज्याला ठाऊक आहे तो ह्या आकड्यांवरून विधवा अधिक निरोगी होत्या, असे म्हणण्यास धजणार नाही. प्रकृतीबद्दल तक्रार करण्याचा आपणास काही अधिकार आहे, ही जाणीवच त्यांच्या छेदात नव्हती.

येथे मराठी समीक्षेच्या सवयीकडे येतो. जुन्या पिढीतील स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी लिहिताना 'लेखिकेच्या मनात कडवटपणा नाही', 'वृत्ती समाधानी आहे' अशी वाक्ये आपण गुणवर्णन म्हणून लिहितो. प्रस्तुत लेखकानेही ती लिहिली आहेत. ह्या वाक्यांत समीक्षक सिंगूरच्या पाहणीतील गणकासारखा वागतो, म्हणजे मिळालेले उत्तर वहीत उतरवतो आणि छेद विचारत नाही.

ह्यावर टिळकांच्या बाजूने एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. गीतेला अभिप्रेत असलेली तुष्टी ही दबलेल्या मनाची नव्हे. ती फलासक्ती सोडलेल्या, पण कर्म न सोडलेल्या पुरुषाची आहे. टिळकांनी असंतोषाला सरसकट त्याज्य ठरविलेले नाही. ऐश्वर्याचे मूळ असंतोषात आहे, हे महाभारतातील वचन ते आवर्जून पुढे करतात. ज्या लेखकाला चिरोलने भारतीय असंतोषाचा जनक म्हटले, त्याच्याकडून दुसरे अपेक्षितही नव्हते. 'समाधान' हा शब्दही आपल्या परंपरेत नुसत्या तृप्तीचा वाचक नाही. वेदान्ताच्या षट्संपत्तीत त्याचा अर्थ चित्ताची एकाग्रता असा आहे, आणि शंकेचे समाधान व्हावयाचे तर आधी शंका विचारावी लागते. आक्षेप मान्य आहे. पण वाचकापुढे फक्त पान असते. त्यावरचे समाधान योग्याचे की नाइलाजाचे, हे ओळखावे कसे?

त्याचे साधन टिळकांनीच त्या प्रकरणात दिले आहे, मात्र ह्या कामासाठी वापरलेले नाही. परवश ते सर्व दुःख आणि आत्मवश ते सर्व सुख, हे मनूचे लक्षण ते उद्धृत करतात. पुढे त्याचा उपयोग बाह्य विषयसुखापेक्षा अंतःकरणाचे सुख श्रेष्ठ ठरविण्याकडे होतो. 'वश' ह्या शब्दातला दुसऱ्या माणसाचा हात त्यामुळे दृष्टीआड जातो. लक्षण पुन्हा माणसांमाणसांतील व्यवहाराकडे वळविले, तर समीक्षेस उपयोगी असा प्रश्न मिळतो. जे नाही म्हणून तक्रार नाही, ते मागण्याची वाट ह्या व्यक्तीपुढे कधी होती काय?

दोन सख्ख्या बहिणींची आत्मकथने ह्या दृष्टीने शेजारी ठेवून वाचावीत. पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची, आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' १९४४ चे. दोघींना वैधव्य आले. आनंदीबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांचा बहिष्कार सोसला. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. हिंगण्याच्या आश्रमाच्या कामात आयुष्य घातले आणि निधीसाठी थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांच्या 'नको'ला जे वजन आहे, ते बहिणीच्या 'हो'मुळे. वाट घरातच उघडलेली होती, तिची किंमतही डोळ्यांसमोर होती, आणि तरीही त्या तिकडे वळल्या नाहीत. म्हणून त्यांच्या समाधानाला समाधान म्हणता येते. उलट केशवपनाची गोष्ट पाहा. सुधारकांच्या सहवासात कित्येक वर्षे घालविल्यावर मग त्यांनी ते सोडले. मधल्या वर्षांत कोणी शिडी पुढे केली असती, तर ह्या बाबीचा उल्लेख उत्तरात आला असता की नाही, ह्याची प्रस्तुत लेखकास दाट शंका आहे. एकाच स्त्रीच्या एकाच चरित्रात एक समाधान आत्मवश आणि दुसरे परवश असू शकते. 'समाधानी वृत्ती' हे विशेषण दोहोंवर एकच पांघरूण घालते.

ज्यांच्या पुढे वाट कधी उघडलीच नाही आणि ज्यांनी लिहिलेही नाही, त्यांच्यापर्यंत ही कसोटी पोहोचत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्यापुरते सिंगूरचे आकडे, बाळंतपणांच्या नोंदी, ओव्या आणि घरखर्चाच्या वह्या एकत्र वाचाव्या लागतील. ते काम अद्याप व्हावयाचे आहे.