कथेत नसलेलं युद्ध

मागच्या महिन्यात माझ्या प्रकरणाच्या मसुद्यावर गाईडबाईंनी पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला: ‘हे कथेत कुठे आहे?’ मी लिहिलं होतं की हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) ही युद्धातून परतलेल्या सैनिकाची कथा आहे. सगळे तसंच लिहितात, म्हणून मीही लिहिलं. मग कथा पुन्हा उघडली.

घडतं काय? निक मिशिगनमधल्या सेनी गावी रेल्वेतून उतरतो. गाव जळून गेलंय. पाठीवर ओझं घेऊन तो चालतो, जळक्या जमिनीवर राहून काळे पडलेले नाकतोडे बघतो, तंबू ठोकतो, डबाबंद बीन्स आणि स्पॅगेटी एकत्र गरम करून खातो. दुसऱ्या दिवशी नाकतोडे गळाला लावून ट्राउट धरतो. छोटा मासा सोडायचा तर आधी हात ओला करतो. कोरड्या हाताने माशावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पुढच्या दलदलीत मात्र तो त्या दिवशी शिरत नाही. बस, एवढंच. युद्धाचा उल्लेख नाही.

मग युद्ध आलं कुठून? फिलिप यंगने १९५२ मध्ये निकच्या जखमेभोवती सगळं वाचन बांधलं. हेमिंग्वेनेही ‘अ मूव्हेबल फीस्ट’मध्ये सांगितलं की कथा युद्धावरून परतण्याची आहे. १९८७ मध्ये चरित्रकार केनेथ लिनने हरकत घेतली: कथेत याचा पुरावा नाही. हरकत रास्त आहे. पण पुढे लिनने त्याच रिकाम्या जागी लेखकाचं आईशी झालेलं भांडण बसवलं. म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवली आणि स्वतः तीच केली! लेखकाचं म्हणणंसुद्धा साक्षच. तीही कित्येक वर्षांनंतरची.

मला वाटतं, खरा वाद वेगळाच आहे: आपण ‘संहिता’ कशाला म्हणतो? एकटी कथा घेतली, तर इतकंच म्हणता येतं की निक काहीतरी टाळतोय. विचार करण्याची गरज मागे राहिली याचा त्याला आनंद होतो, आणि प्रत्येक काम तो सावकाश, क्रमाने करतो. काय टाळतोय, ते सांगता येत नाही. पण ही कथा ‘इन अवर टाइम’ या संग्रहाच्या शेवटी येते, आणि त्याच संग्रहातल्या एका छोट्या तुकड्यात निक पाठीच्या कण्यात गोळी लागून चर्चच्या भिंतीला टेकून बसलेला आहे. पूर्ण पुस्तक हे एकक धरलं, तर युद्धाचं वाचन भक्कम होतं.

माझं वाक्य आता असं आहे: ‘संग्रहाच्या संदर्भात वाचल्यास ही युद्धोत्तर कथा ठरते.’ आधीच्यापेक्षा कमी रुबाबदार, पण व्हायवात कोणी विचारलं तर पान काढून दाखवता येईल.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर एक करून बघा. तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य घ्या आणि त्याच्या समासात बाईंचा तो प्रश्न लिहा. उत्तर म्हणून पान क्रमांक सापडला तर ठीक. नाहीतर वाक्य तेवढं आखूड करा.