लष्करी इंजिनाचा जीर्णोद्धार : एक परीक्षण

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्याकडे देवालयें, तळीं व घाट यांच्या संबंधानें रूढ आहे. आगगाडीच्या इंजिनास तो लावलेला पाहून कांहीं वाचकांस हंसूं येईल. तथापि ताम्रपट, नाणें किंवा दप्तर यांप्रमाणेंच यंत्र हेंही इतिहासाचें साधन होय. आणि साधनाची शुद्धि कोणत्या नियमांनीं करावी, हा प्रश्न सर्वत्र एकच आहे. या दृष्टीनें एका नांवाजलेल्या जीर्णोद्धाराचें परीक्षण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, सोमच्या रणभूमीवरील रस्ते चिखलांत बुडाले व तोफगोळे पुढें पोंचविणें दुर्घट झालें. तेव्हां ब्रिटिश युद्धखात्यानें ६०० मिलिमीटर रुंदीचे हलके लोहमार्ग आघाडीपर्यंत नेण्याचें मनावर घेतलें. विलायतेंतील कारखाने अन्य कामांत गुंतलेले असल्यामुळें फिलाडेल्फिया येथील बाल्डविन कारखान्याकडे मागणी गेली. त्यानें १९१६-१७ मध्यें एकाच नमुन्याचीं ४९५ इंजिनें बांधून दिलीं. पुढें चार लहान चाकें, मागें सहा जोडचाकें आणि दोहों बाजूंस पाण्याच्या टाक्या, असें हें लहानसें यंत्र होतें. गोळ्यांनीं पडलेल्या खड्ड्यांतील पाणी नळीनें ओढून घेण्याची सोयही त्यास होती. मात्र तें डोलत चाले व रुळांवरून उतरे, अशी चालकांची तक्रार असे.

यांपैकीं ७७८ क्रमांकाचें इंजिन १९१७ सालचें. फ्रान्समधील कामगिरी संपल्यावर तें हिंदुस्थानांत आलें व शेवटीं मुजफ्फरनगर जिल्ह्यांतील खतौलीच्या साखर कारखान्यांत ऊस ओढूं लागलें. १९८५ मध्यें तें विलायतेस परत नेण्यांत आलें, आणि दीर्घ परिश्रमांनंतर २००७ सालीं लेटन बझर्ड येथील लहान लोहमार्गावर पुन्हा वाफेवर चालूं लागलें. ४९५ पैकीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच इंजिनें उरलीं असतां त्यांतील एक मोडीच्या भट्टींतून वांचविणें व चालतें करणें, हें थोर काम होय. तें करणाऱ्यांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. जीर्णोद्धार करतांना युद्धकालीन क्रमांक व युद्धकालीन रूप हेंच या इंजिनाचें 'खरें' रूप ठरविण्यांत आलें. परंतु १९१७ सालीं जन्मलेल्या या यंत्राची युद्धांतील सेवा नोव्हेंबर १९१८ मध्यें संपली. म्हणजे ती दोन वर्षांचीही नव्हे. त्यामानानें उसाच्या मोळ्या ओढण्यांत गेलेला काळ कितीतरी मोठा. त्या काळांत हिंदी लोहारांनीं व फिटरांनीं त्याचें पोट सांधलें, नळ्या बदलल्या, सुटे भाग हातानें घडविले. म्हणूनच तें १९८५ पर्यंत टिकलें. ज्यांच्या हातांनीं वस्तु जगली त्यांचीच खूण पुसून तिचा उद्धार करणें, हा न्याय विचित्र खरा.

यावर असें उत्तर येईल कीं, मूळ रूप शोधणें हेंच संशोधन होय. पण मूळ म्हणजे काय? दिव्याची ज्योत क्षणोक्षणीं नवी असतां 'तीच ही ज्योत' असें आपण सादृश्यामुळें म्हणतों, हें उदाहरण शास्त्रग्रंथांत प्रसिद्ध आहे. इंजिनाच्या नळ्या तर चालत्या काळांतच झिजतात व बदलतात. तेव्हां अखंड मूळ असें त्यांत कांहीं राहतच नाहीं. राहते ती थरांची परंपरा.

या बाबतींत पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा दाखला आम्हांस मार्गदर्शक वाटतो. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं घालून दिलेली व १९६६ मध्यें पूर्णत्वास गेलेली ही पद्धति काय सांगते? पोथ्यांच्या आधारें संहिता ठरवावी, पण पाठभेद तळटीपांत ठेवावे. प्रक्षिप्त भाग फेंकून न देतां परिशिष्टांत द्यावा. आणि जेथें पाठ पूर्ण निश्चित नाहीं तेथें खालीं नागमोडी रेघ ओढावी. ही रेघ म्हणजे संपादकाचा प्रामाणिकपणा. इंजिनासही ती हवी. नव्या भागावर सालाचा ठसा असावा. काढलेला जुना भाग मोडींत न घालतां शेजारीं मांडावा. आणि फलकावर आघाडीइतकीच जागा उसाच्या मळ्यास मिळावी.

हा विचार परदेशापुरता नाहीं. बारामती व इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाचे झाले. इंदापूर तालुक्यांत शेठ वालचंद हिराचंद यांच्या नांवानें वालचंदनगर वसलें. दौंड-बारामती हा अडीच फुटी लोहमार्ग १९१४ मध्यें सुरू झाला. आज तेथें रुंद मार्ग आहे. पूर्वेस कुर्डुवाडीहून बार्शीचा अडीच फुटी मार्ग १८९७ पासून होता; तोही रुंद झाला. अशा मुलुखांत एखादें गंजलेलें धूड दिसलें कीं 'हें लढाईंतलें इंजिन' अशी वदंता उठण्यास वेळ लागत नाहीं. तेथें प्रथम रुळांतील अंतर मोजावें. अडीच फुटी मार्गावरील इंजिन आघाडीवरच्या ६०० मिलिमीटर मार्गाचें नव्हे, एवढ्यानेंच निम्मी वदंता गळते. मग निर्मात्याचा क्रमांक पहावा, आणि शेवटीं जुन्या कामगारांचें सांगणें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें.

हें तिसरें काम सर्वांत निकडीचें आहे. लोखंड पावसांत कांहीं वर्षें तग धरतें. माणसाची आठवण तितकीही धरीत नाहीं. बारामती-इंदापूरकडील ज्या घरांत अरुंद मार्गावरचे अथवा मळ्याच्या रुळांवरचे चालक, फिटर वा गँगमन होऊन गेले असतील, तेथील पगाराचीं पुस्तकें, छायाचित्रें व हजेरीचे कागद तरुण अभ्यासकांनीं आतांच पहावे. इंजिन नसलें तरी चालेल. त्याच्या तळटीपा तरी हातीं राहतील, आणि पुढें कोणीं जीर्णोद्धारास हात घातलाच, तर त्यास पुसण्यापूर्वीं वाचावयास कांहीं मिळेल.