यादीत नाव आहे, पण तपासलंय कोणी? : पिजिनच्या एका प्लगिनची गोष्ट

पिजिन हा कॉम्प्युटरवरचा जुना, मोफत चॅट प्रोग्रॅम. आयआरसी, एक्सएमपीपी अशी वेगवेगळी खाती त्यात एकाच ठिकाणी चालतात. बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या प्लगिनची यादीही त्याच्या संकेतस्थळावर असते. ६ जुलै २०२४ ला या यादीत 'एसएस-ओटीआर' आलं. काम काय, तर चॅटमध्ये स्क्रीन दाखवणं. १६ ऑगस्टला एका वापरकर्त्यानं कळवलं, की यात की-लॉगर आहे, म्हणजे आपण दाबलेली प्रत्येक की टिपून घेणारा कोड. प्लगिन लगेच यादीतून काढलं गेलं आणि २२ ऑगस्टला की-लॉगरची खात्रीही झाली.

आता बघा, लोकांनी विश्वास कशावर ठेवला? एक, अधिकृत यादी. दोन, नावातलं 'ओटीआर'; ही २००४ पासूनची नावाजलेली सांकेतिक पद्धत. तीन, इंस्टॉलरवर एका पोलिश कंपनीच्या नावाची वैध डिजिटल सही. तिन्ही खुणा दिसायला पक्क्या, पण आतला कोड वाचल्याचा पुरावा एकही नाही. सोर्स कोड तर दिलेलाच नव्हता.

मग ओटीआरनं वाचवलं नसतं का? नाही. सांकेतिक संदेश वाटेत सुरक्षित असतो. प्लगिन मात्र पिजिनच्या आतच, तुमच्याच परवानग्यांनिशी चालतं. पत्र पाकिटात घालण्याआधीच कुणी शेजारी बसून वाचत असेल, तर पाकीट चिकटवून काय उपयोग?

आपल्याला हे नवीन नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीनं स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढली. तोवर 'यादीत आहे ना' एवढ्यावर पेपर पाठवणारे कमी नव्हते.

या प्रकरणानंतर पिजिननं नियम केला : यादीत यायचं तर मान्यताप्राप्त मुक्त परवाना हवा. पाऊल योग्य, पण अपुरं. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड युटिल्स'मध्ये सापडलेला चोरदरवाजा आठवा. तो कोड मुक्तच होता, पण चोरदरवाजा चालू करणारा तुकडा फक्त वाटल्या जाणाऱ्या फाइलीत होता, सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या भांडारात नव्हता. म्हणजे कोड उघडा असणं एक, आणि आपण टाकतोय ती फाइल त्याच कोडपासून बनलेली असणं दुसरं. ही दुसरी गोष्ट नुसत्या परवान्याच्या अटीनं तपासली जात नाही. यादीत प्रत्येक नावापुढे 'कोणी तपासलं, काय तपासलं, कधी' हे तीन रकाने असते, तर वाचणाऱ्याला निदान कळलं असतं, की ते रिकामे आहेत.

किनवटसारख्या ठिकाणी बसून संशोधन करणाऱ्याच्या शेजारी आयटीवाला नसतो. विदा, मसुदा, पासवर्ड सगळं एकाच लॅपटॉपवर. म्हणून प्लगिन टाकण्याआधी हे तीन रकाने स्वतः भरून बघा. भरता आले नाहीत, तर त्या प्लगिनशिवाय काम चालवा. आणि ज्यांनी 'एसएस-ओटीआर' टाकलं होतं, त्यांना नुसतं काढून भागणार नाही. लॅपटॉप नव्यानं बसवायचा आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदलायचे.